विहिरीची राखण करणारा धर्मगुरू



२५ जुलै २०२४ चा दिवस. मीरा-भाईंदरच्या उत्तन-डोंगरी बाजूला भाताची आवणी आटोपत आली होती. खाडीपलीकडून, वसईहून बातमी आली : फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. वय ८१.

तुमच्यापैकी पुष्कळांना ते साहित्यिक म्हणून ठाऊक असतील. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही फादर गेले आणि शांतपणे आपले म्हणणे मांडून आले. त्यांनी केलेल्या ‘सुबोध बायबल’ या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. पण आज मला तुम्हाला सांगायचे आहे ते त्यांच्या विहिरीच्या काळजीबद्दल.

फादर वसईतल्या नंदाखालचे. समाजशास्त्र आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकून १९७२ साली ते धर्मगुरू झाले. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. याच काळात वसईवर संकट आले. केळी, पानवेली, फुले आणि भाजी पिकवणाऱ्या हिरव्या पट्ट्यात इमारतींना वाट मोकळी होऊ लागली. १९९० मध्ये नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. विहिरींतले पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागले. तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या आंदोलनात फादर पुढे उभे राहिले. गुंडगिरीची दहशत होती, तरी ते मागे हटले नाहीत.

धर्मगुरूने प्रार्थना करावी, विहिरीत कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. मलाही तरुणपणी तसेच वाटे. मग एक गोष्ट घडली. ती सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

मी नोकरीत नवा होतो. किनाऱ्यालगतच्या एका गावात एक भाजी पिकवणारे शेतकरी होते. विहिरीवर तीन अश्वशक्तीची मोटार. मी म्हणालो, “पाचची बसवा, दीडपट भिजेल.” त्यांनी बसवली. दोन वर्षे मळा नुसता फुलला. तिसऱ्या उन्हाळ्यात वांग्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या. मी रोग शोधत बसलो. घरातली माऊली म्हणाली, “साहेब, रोगाचं काय घेऊन बसलात? चार महिने झाले, या पाण्यात डाळ शिजत नाही.” विहीर खारी झाली होती. बी.एस्सी. झालेल्या माझ्याआधी ते तिच्या चुलीला कळले होते.

असे का होते, ते नीट समजून घ्या. समुद्राकाठच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर चढते. जमिनीखाली कुंपण नसते. एकाने उपसा केला की शेजाऱ्याची विहीरही बिघडते. वसईच्या जुन्या लोकांनी म्हणूनच वाडीवाडीत बावखले राखली. या लहान तळ्यांत पाऊस साठतो, मुरतो आणि विहिरींना गोडे पाणी मिळत राहते. बावखल बुजवून घर बांधले, तर त्या घराची विहीर कोण भरणार?

त्या उन्हाळ्यानंतर मी फादरांचे लेखन वेगळ्या नजरेने वाचू लागलो. माझा त्यांचा घरोबा नव्हता. मी त्यांचा एक वाचक. पण शेजाऱ्यावर प्रेम करा ही त्यांच्या धर्माची शिकवण विहिरीपर्यंत कशी पोहोचते, ते मला तेव्हा उमगले. शेजाऱ्याचे पाणी राखणे हेही शेजारधर्मातच येते.

आंदोलनाने सारे वाचले नाही. वसई-विरारची महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या. तरीही काही वाड्या आज हिरव्या आहेत. त्या आपोआप हिरव्या राहिल्या नाहीत, माणसे उभी राहिली म्हणून राहिल्या.

तुम्ही किनाऱ्याकाठी असा की देशावर, एवढे कराच. वैशाखात विहिरीचे पाणी चाखून पाहा. मोटार वाढवण्याआधी किंवा टँकरवाल्याला होकार देण्याआधी घरातल्या बाईमाणसांना विचारा. बावखल, तळे, ओढा बुजवू नका, गाळ काढा.

फादरांची आठवण अशाने अधिक टिकेल.