दम आणि वेग

बर्मिंगहॅमच्या २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदानं हुकलं. किलोमीटरला सुमारे २ मिनिटं ४४ सेकंद, तेही २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या घेत! याच अविनाशनं २०२० साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन ६० मिनिटं ३० सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटं ५२ सेकंदांनी पळून काढली होती. अंतर सातपट, फरक किलोमीटरमागे जेमतेम आठ सेकंदांचा.

कारण ३००० मीटरलाही बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवरच तयार होते. दम हा पाया. वेग त्यावर चढतो. पण नुसतं सावकाश पळत राहिलं, तर पाय जलद उचलायची सवय मोडते. आपल्याकडे हौशी धावपटूंची चूक बहुधा उलटी असते: रोजच अर्धवट जोरात पळायचं. त्यात दमही पुरेसा वाढत नाही, वेगही नाही.

आठवड्यातले बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश पळा. एखाद्या दिवशी शेवटी शंभर-शंभर मीटरच्या सहा धावा घ्या, जोरात पण जीव न काढता, आणि प्रत्येक वेळी चालत परत या.