सावली मोजा, मग वाफे आखा

परसदार असलेली घरं आता आपल्यापैकी थोड्यांचीच राहिली. फ्लॅट आणि रो-हाउसमध्ये आलो तशी परसबागही गच्चीवर गेली. गच्ची बेताची, म्हणून आपण टेप घेऊन लांबी-रुंदी मोजतो आणि कुंड्या मांडायला लागतो. पण टोमॅटो, वांगी, भेंडी अशा फळभाज्यांना दिवसाकाठी निदान सहा तास ऊन हवं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं. म्हणून जागेआधी मोजायची ती सावली.

आपण उज्जैनकरांना हे शिकायला लांब जायला नको. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या आपल्या वेधशाळेचा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ साली जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. तिथलं शंकुयंत्र साधं आहे. मध्ये एक शंकू आणि त्याची सावली वर्षभर कशी सरकते ते दाखवणाऱ्या रेषा. आपलं शहर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे २१ जूनच्या सुमारास माध्यान्ही सावली जवळजवळ नाहीशी होते. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र ती शंकूच्या उंचीपेक्षाही थोडी लांब पडते आणि नेमकी उत्तरेकडे जाते.

आता हेच गणित गच्चीवर आणा. आमची गच्ची पूर्व-पश्चिम २० फूट आणि दक्षिणोत्तर १२ फूट. कठडा ३ फूट उंच. दक्षिणेच्या कठड्याची दुपारची सावली मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वा फूट असते, तर डिसेंबरात तीन फुटांहून जास्त. म्हणजे मेथी, मटार, मुळ्याच्या ऐन हंगामात पाव गच्ची सावलीत जाते!

यावर उपाय आम्हाला वेगळ्याच कारणाने सुचला. सासूबाई ७६ वर्षांच्या. त्यांची सगळी हयात परसबागेत गेली, पण आता गुडघे वाकत नाहीत. त्यांना उभ्याने भाजी खुडता आली नाही, तर बाग आमची झाली असती, त्यांची नाही. म्हणून दक्षिणेकडची रांग दोन फूट उंच लोखंडी स्टँडवर घेतली. त्यावर सहा इंच खोलीचे ट्रे ठेवले. माती अडीच फुटांवर आली आणि कठडा तिच्यावर जेमतेम अर्धा फूट उरला, तशी डिसेंबरातली सावलीही अर्ध्या फुटाची झाली. गुडघ्यांची सोय केली आणि उन्हाची आपोआप झाली.

पूर्ण आखणी अशी. दक्षिणेच्या कठड्यापासून अर्धा फूट मोकळा सोडला, म्हणजे पाणी तुंबत नाही आणि ओल दिसते. मग दोन फूट रुंदीची पालेभाज्यांची रांग, कारण एका बाजूने हात दोन फुटांपर्यंतच सहज पोहोचतो. मग दोन फुटांची वाट. मध्ये तीन फुटांच्या पट्ट्यात ग्रो-बॅगमधली मिरची आणि वांगी. इथे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. पुन्हा दोन फुटांची वाट. शेवटी उत्तरेच्या कठड्याशी दोन फुटांची खोल रांग आणि मागे सहा फुटी जाळी. तिच्यामागे पुन्हा अर्धा फूट मोकळा. पावसाळ्यात जाळीवर दोडकी, कारली आणि घोसाळी (आपली माळव्यातली गिलकी), हिवाळ्यात वाल, मटार आणि टोमॅटो. थिएटरातल्या खुर्च्यांसारखी बुटकी पुढे, उंच मागे. जाळीची दुपारची सावली गच्चीबाहेर पडते. बालम ककडीचा मोह मात्र आवरला. तो वेल एकटाच गच्ची व्यापेल.

पालेभाजीच्या रांगेचे चार कप्पे केले आहेत. दर आठवड्याला एका कप्प्यात मेथी, पालक किंवा कोथिंबीर पेरायची. चौथा कप्पा पेरेपर्यंत पहिल्यातली मेथी खुडायला येते. एकदम सगळं पेरलं की एका आठवड्यात शेजारीपाजारी वाटायची वेळ येते आणि पुढे महिनाभर बाजाराची वाट. एप्रिल-मेमध्ये या रांगेवर हिरवी जाळी लावून लाल माठ आणि चवळई घेतो.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. ओली माती एका घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. म्हणून निव्वळ काळी माती नको. ती उन्हाने भेगाळतेही. पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट जास्त, माती कमी. खोल रांग भिंतीलगत ठेवा आणि सुरुवात करण्याआधी इंजिनिअरला गच्ची दाखवा.

थोडक्या जागेत कुटुंबाची भाजी पिकवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून ऊन हेच शेतीचं भांडवल मानायला शिकवलं आणि घरच्या भाजीसाठी ‘गंगा माँ मंडल’ ही गोलाकार बाग मांडली. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी तोच विचार आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या बजवाड्यात, वर्षानुवर्षं राबवला. त्यांचं अमृतजल आम्हीही वापरतो: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं.

तुमची गच्ची आमच्यासारखी नसेल. कुणाच्या दक्षिणेला शेजारची तीन मजली इमारत असेल, कुणाच्या पश्चिमेला पाण्याची टाकी. म्हणून आमची आखणी जशीच्या तशी उचलू नका. एक फूट लांबीची काठी गच्चीवर उभी करा आणि सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता कशाकशाची सावली कुठे पोहोचते ते खडूने आखा. साडेबारा अशासाठी, की उज्जैनचा खरा माध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर साधारण अर्ध्या तासाने होतो. एकदा डिसेंबरात, एकदा मार्चमध्ये आणि एकदा जूनमध्ये खुणा करा. तीनही वेळा जो भाग उन्हात राहील तिथे फळभाज्या, अर्धवेळ उन्हात पालेभाज्या आणि कायम सावलीत राहील तिथे खताचा डबा आणि पुदिन्याची कुंडी. कुंड्या आणायला बाजारात त्यानंतरच जा.