तेंपुरा : तळलेल्या भाजीचे पोषण

ताटात मांस नाही म्हणजे जेवण हलके, अशी आपली एक सोयीची समजूत असते. जपानी तेंपुऱ्याचा विचार केला म्हणजे ती किती अपुरी आहे, हे ध्यानात येते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी व धर्मोपदेशक जपानात पोचले. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये तिकडे निघाले ते गोव्याहूनच. वर्षातून चार वेळा येणाऱ्या उपवासाच्या दिवसांना लॅटिनमध्ये ‘क्वातुओर तेम्पोरा’ म्हणत. त्या दिवशी मांस वर्ज्य. म्हणून मासे वा भाज्या पिठात बुडवून तळीत. त्यावरून ‘तेंपुरा’ हे नाव पडले, असे पुष्कळांचे मत आहे.

तेंपुऱ्यासाठी रताळे, भोपळा, वांगे, गाजर यांचे काप गव्हाचे पीठ, अंडे व थंडगार पाणी यांच्या पातळ मिश्रणात बुडवितात. मिश्रण फार घोटीत नाहीत. घोटल्यास पीठ चिवट होऊन आवरण जड होते. सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेच्या तेलात काप पडताच पाण्याची वाफ होते आणि भाजी आतल्या आत थोडक्या वेळात शिजते. भाजी उकळून पाणी ओतून दिले, तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्याबरोबर जातात. येथे तसे होत नाही. शिवाय भोपळा व गाजर यांतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते, ते स्निग्धांशासह चांगले शोषले जाते. ही झाली जमेची बाजू.

आता खर्चाची बाजू. वाफ गेल्याने रिकाम्या झालेल्या जागी तेल शिरते. त्यातील बरेचसे तर काप बाहेर काढून निवू लागल्यावर. १०० ग्रॅम कच्च्या वांग्यात सुमारे २५ उष्मांक असतात. तेच वांगे १० ग्रॅम तेल प्याले, तर त्या तेलाचेच ९० होतात. भाज्यांच्या बारीक चिरांचा ‘काकिआगे’ आपल्या खेकडा भजीसारखा असतो. त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तेलही अधिक. आपल्या भज्यांच्या बेसनात निदान प्रथिने बरी असतात. गव्हाच्या पिठात ती त्याहून कमी. सोबतच्या सोयायुक्त रसात मीठही पुष्कळ असते.

म्हणून तेल नीट तापवावे, एका वेळी थोडेच काप सोडावे, काढताच जाळीवर निथळावे, आणि तेच तेल पुनःपुन्हा वापरू नये. जपानी लोक सोबत किसलेला मुळा घेतात, तसे काही कच्चे ताटात असावे. उपवासावरून नाव मिळाले असले, तरी चार कापांवर हात आवरण्याचे काम खाणाऱ्याचेच आहे.