पीक वाढलं की गरिबी हटते का?

लोकलच्या गर्दीत ज्यांना एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी.

आमच्या घाटकोपरला सकाळी नाक्यावर कामगार उभे असतात. कितीतरी जणांची गावी जमीन आहे. मग ते इथे का? मला वाटायचं, सोपं आहे, शेतीचं उत्पादन वाढवा, गरिबी गेली. (इंजिनिअर माणूस, आउटपुट वाढलं की खूश.)

आता हिवरे बाजार बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे जुन्या अहमदनगरमधलं, पर्जन्यछायेतलं गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर लोक मजुरीसाठी मुंबई-पुण्याकडे निघाले. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली. पाणी मुरलं, विहिरी भरल्या. १९९५ साली १८२ पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. नंतर राहिली फक्त ३!

पण हे नुसतं पाण्याने झालं नाही. पाणी आलं की आपल्याकडे काय होतं? ज्याच्याकडे पैसा तो बोअर मारतो, ऊस लावतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. गावाचं एकूण उत्पादन तेव्हाही वाढलेलंच दिसतं बरं का! हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली, ऊस-केळी नाही म्हटलं आणि पावसाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. डोंगरावर चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली. त्यामुळे जमीन थोडी असली तरी गाय सांभाळता येते. दूध दिवसाला सुमारे १५० लिटर होतं, ते काही हजार लिटरवर गेलं. दुसरं पीक निघायला लागलं, म्हणजे खुरपणी-काढणीचं काम वाढलं. शहरात गेलेली बरीच कुटुंबं परत आली.

भावाची गंमत वेगळीच. सगळीकडे कांदा भरपूर पिकला की भाव कोसळतो. आपण मुलुंडच्या मंडईत खूश, शेतकऱ्याचा खर्चही निघत नाही. धान्य स्वस्त झालं तर मात्र भूमिहीन मजुराला फायदा होतो, कारण तो धान्य विकत घेऊनच खातो. म्हणजे एकाच गावात, एकाच हंगामात एकाचं घर सावरतं, दुसऱ्याचं कर्ज वाढतं.

गावी फोन कराल तेव्हा एवढं विचारा: दुसरं पीक निघतं का आणि मजुराला वर्षात किती दिवस काम मिळतं? उत्तराची व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.