हिऱ्याचा रंग आणि त्याचा भाव

हिऱ्याचा रंगहीनपणा डी ते झेड या अक्षरांच्या श्रेणीने ठरवला जातो, आणि स्फटिकातील नायट्रोजनमुळे पिवळसर झाक जसजशी वाढते तसतसा भाव उतरत जातो. मात्र झेडची मर्यादा ओलांडून तो पिवळेपणा ठळक झाला की हिरा ‘फॅन्सी’ म्हणजे रंगीत वर्गात मोडतो आणि, काहीसे गमतीने, तोच दोष गुण ठरून भाव पुन्हा चढू लागतो. बोरॉनमुळे निळा झालेला किंवा भूगर्भातील ताणाने स्फटिकरचना विकृत होऊन गुलाबी झालेला हिरा याहूनही दुर्मीळ असतो. २०१७ मध्ये १६३.४१ कॅरटचा (एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम) डी श्रेणीचा रंगहीन हिरा जिनिव्हातील लिलावात हारासकट सुमारे ३ कोटी ३७ लाख डॉलरना गेला, तर त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये ५९.६० कॅरटच्या गुलाबी ‘पिंक स्टार’ला सुमारे ७ कोटी १२ लाख डॉलर मिळाले, म्हणजे दर कॅरटला जवळजवळ सहापट. गुलाबी हिऱ्यांचा मुख्य स्रोत असलेली ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाण २०२० मध्ये बंद झाली. तपकिरी हिरे मात्र, रंगीत असूनही, मुबलक असल्याने बहुधा स्वस्तच राहिले आहेत.