भरती बोटीची, ओहोटी पायांची

सुरत म्हटलं की आपल्याला तीन गोष्टी आठवतात: साड्या, हिरे आणि चौथीच्या इतिहासातली १६६४ ची स्वारी. समुद्र कुणाला आठवत नाही. पण महाराज ज्या श्रीमंत बाजारावर चालून गेले, ती श्रीमंती समुद्रावरूनच आली होती. माझी मावशी लग्न होऊन सुरतेला गेली, त्यामुळे तिथे माझं जाणं-येणं असतं. या वेळी शहर बाजूला ठेवून फक्त खंभातचं आखात बघायचं ठरवलं, थोडं बोटीने आणि थोडं पायी. तुम्हीही जाल तर उपयोग व्हावा, म्हणून हा लेख.

आधी आखाताचा आकार समजून घेऊ. एका बाजूला सौराष्ट्र, दुसऱ्या बाजूला सुरत-भरूचचा किनारा आणि मध्ये नरसाळ्यासारखं पाणी. दीव ते दमण असं तोंड धरलं तर ते साधारण १९० किलोमीटर रुंद आहे. आत शिरत गेलं की हीच रुंदी २५ किलोमीटरच्या आसपास येते. भरतीचं पाणी रुंद तोंडातून आत येतं, पुढे जागा अरुंद आणि उथळ होत जाते, म्हणून पाण्याला वर चढण्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. मुंबई-वसईकडे मोठ्या उधाणाला पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं. इथे आतल्या भागात ते १० ते १२ मीटरपर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ चार मजले! आणि साधारण सहा तासांनी तेवढंच खाली.

त्यामुळे इथे एकच जागा दोनदा बघावी लागते. भरतीला ती बोटीची असते, ओहोटीला पायांची.

बोटीसाठी सुरतेजवळचं हजिरा गाठायचं. हजिरा ते घोघा ही रो-पॅक्स फेरी ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली. बोटीत माणसांबरोबर गाड्या आणि ट्रकही चढतात. रस्त्याने आखाताला वळसा घालून ३७० किलोमीटर पडतात, पाण्यावरून ९०. साधारण चार तास लागतात. डेकवर उभं राहिलं की आधी हजिऱ्याचे कारखाने आणि चिमण्या मागे पडतात, मग बराच वेळ दोन्हीकडे जमीनच दिसत नाही. पाणी निळं असेल या आशेवर जाऊ नका. ते चहासारखं आहे! तापी, नर्मदा, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपला गाळ इथेच आणून टाकतात आणि भरती-ओहोटी तो खाली बसू देत नाही. मला तो रंग तासाभराने आवडायला लागला. या गाळाचा हिशेब बोटींनाही चुकत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली घोघा-दहेज फेरी दहेजकडे गाळ साचून पाणी कमी पडल्यामुळे बंद करावी लागली.

घोघा हे जुनं बंदर. 'लंकेची लाडी आणि घोघ्याचा वर' अशी गुजरातीत म्हणच आहे, इतकी इथली माणसं दूरवर जात. पलीकडच्या याच किनाऱ्यावर दक्षिणेला अलंग आहे. तिथे जुनी जहाजं मोठ्या भरतीला सरळ किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी उतरल्यावर तोडायला घेतात. घोघ्याहून रस्त्याने कोळियाकला गेलं की आता पायांची पाळी. किनाऱ्यापासून आत, समुद्रातच एका चौथऱ्यावर निष्कलंक महादेवाची पाच शिवलिंगं आहेत. पांडवांनी युद्धानंतर कलंक धुण्यासाठी ती स्थापली अशी श्रद्धा आहे. भरतीत सगळं बुडतं, दिसतो तो ध्वज. ओहोटी लागली की लोक अनवाणी चालत जातात. मीही गेलो. पायाखाली चिखल, शेजारून प्रसादाची पिशवी डोक्यावर धरून चाललेल्या आजी, आणि प्रत्येकाची नजर अधूनमधून पाण्याकडे. इथली मोठी जत्रा श्रावणी अमावास्येला, म्हणजे आपल्याकडे पोळा असतो त्या दिवशी भरते. अमावास्येला ओहोटी खोलवर जाते आणि वाट चांगली उघडते.

परत सुरतेच्या बाजूला आलो की हजिऱ्याजवळच सुवाली आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांतलं 'स्वाली' ते हेच. तापीच्या मुखाशी वाळूचा बांध असल्याने मोठी जहाजं सुरतेपर्यंत जाऊच शकत नसत. सुवालीसमोर मात्र किनाऱ्याला समांतर एक वाळूचा पट्टा होता आणि त्याच्या आत जहाजांना आडोसा मिळे. माल तिथून सुरतेला जाई. नोव्हेंबर १६१२ मध्ये थॉमस बेस्टच्या दोन इंग्रज जहाजांनी इथे चार पोर्तुगीज गॅलियनांशी लढाई केली. त्यात पोर्तुगिजांची काही जहाजं वाळूत रुतली. या लढाईनंतर इंग्रजांना सुरतेत वखार घालता आली. तेव्हा आमची वसई पोर्तुगिजांकडेच होती, म्हणून ही गोष्ट मला जरा घरची वाटते. १६१५ मध्ये सर थॉमस रो जहांगीरच्या दरबारी जायला इथेच उतरला. आज सुवालीला भुट्टा खात फिरणाऱ्या गर्दीत यातलं काही दिसत नाही. पण ओहोटीला वाळू उघडी पडते तेव्हा लढाईचं कारण समजतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. ही वाळू जहाजांना जशी फसवते तशी माणसांनाही फसवते. सुरतेच्या किनाऱ्यांवर माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. कारण साधं आहे: पाणी सारख्या वेगाने चढत नाही. समजा सहा तासांत ते ८ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढं, म्हणजे पाऊण मीटरही चढत नाही. आपण म्हणतो, 'अरे, अजून वेळ आहे'. पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी २ मीटर चढतं. किनारा इतका सपाट असेल की १०० मीटर चालल्यावर १ मीटर उतार पडतो, तर त्या एका तासात पाणी २०० मीटर आत येतं. शिवाय ते नेहमी समोरून येत नाही. आधी खोलगट भाग भरतात, आणि तुम्ही उंचवट्यावर फोटो काढत असता तेव्हा परतीची वाट पाठीमागून बंद होते.

मग वेळ कशी काढायची? आम्ही वसईच्या पाचूबंदरचे. आजोबा रविवारी न चुकता मिस्साला जात आणि होडी काढायची झाली की भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघत. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. आखातात लाट आत शिरत जाते तशी तिला उशीर होत जातो, म्हणून तिथे आजोबांचा हिशेब जसाच्या तसा लावू नका. उधाण की भांग एवढं तिथीवरून कळेल. नेमकी वेळ त्या ठिकाणच्या भरतीच्या तक्त्यात बघा आणि तिथल्या मच्छीमाराला विचारा. पाणी उतरत असतानाच आत चाला आणि ते खालच्या टोकाला पोचण्याआधी परत फिरा. पाण्यात उतरलेल्या गावकऱ्यांच्या पुढे जाऊ नका.

बोटीचं तिकीट फोनवर निघतं, रिक्षा फोनवर येते. पण सुरतेच्या या किनाऱ्यावर अजूनही आधी पाण्याला विचारावं लागतं, थॉमस बेस्टला विचारावं लागलं होतं तसंच. त्याने वेळ दिली की मनसोक्त फिरा. जागा दोन वेळा बघाल, पैसे एकदाच लागतील!