कांदळवनासाठी पैसा येतो कुठून?

रत्नागिरीच्या खाड्यांतली कांदळवनं जपायला दक्षिण कोरियातून हातभार लागतो. तिथल्या सोंगडोमध्ये ‘हरित हवामान निधी’चं मुख्यालय आहे. २०१८मध्ये या निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनारपट्टीसाठी सुमारे ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. रत्नागिरी जिल्हा त्यात आहे.

असा निधी मिळायला काय लागतं? आधी मान्यताप्राप्त संस्था, कारण पैसा तिच्यामार्फतच येतो. इथे ती संयुक्त राष्ट्रांची यूएनडीपी; नाबार्डलाही अशी मान्यता आहे. मग स्वतःचा वाटा: सुमारे १३ कोटी डॉलरच्या या प्रकल्पातला दोन तृतीयांश खर्च सरकारी तिजोरीतला. कामाची घडी बसलेली असली तर उत्तम. महाराष्ट्राने स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२मध्येच स्थापला होता. शिवाय फायदा दुहेरी हवा. कांदळवन लाटांचा जोर मोडतं, चिखलात कार्बन साठवतं, आणि खेकडापालनासारख्या जोडधंद्यातून गावाच्या हाती चार पैसे येतात.

गरीब देशांचं घोडं बहुधा कागदावरच अडतं. पक्का प्रस्ताव लिहायला तज्ज्ञ आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. म्हणूनच हा निधी प्रस्तावाच्या तयारीसाठीही वेगळे पैसे देतो.